आत्याने कधीच न चाखलेला गुळभात

अकरा फेब्रुवारी, दुपार. अमरावतीला आमच्या समोरच्या खोलीत आम्ही पाच जण होतो: मी, बायको, मुलगी, तिची होणारी सासू आणि नवऱ्या मुलाचे काका. मुलाचे वडील हयात नाहीत, त्यामुळे त्या घरी शब्द काकांचा चालतो. मंगल कार्यालयाचे आगाऊ एकवीस हजार त्याच संध्याकाळी भरायचे होते. पाकीट माझ्या खिशात होतं.

चहा झाल्यावर मीच वंशावळ काढली. दोन वर्षं नातेवाइकांकडे खेटे घालून मी ती जुळवली होती. सगळ्यात वर खापरपणजोबा. ते तेलुगू बोलणारे, निजामाच्या सरहद्दीवरच्या नाक्यावर शिपाई. पैनगंगेपलीकडून आले आणि नांदगाव खंडेश्वरला जमीन करून राहिले. कोणी विचारलं नव्हतं. पण सोयरीक करताना माहिती अर्धी देऊ नये, असं माझं मत आहे.

काकांनी चष्मा लावला आणि मला व्याही म्हणूनच हाक मारली. "इवाई, आमचा बुढाबी पैनगंगेपलीकडूनच आला. तुमची कुलदेवी कोणती?"

"आई म्हणतो आम्ही. शेताच्या बांधावर, निंबाखाली शेंदूर लावलेला दगड आहे. नाव कोणाला ठाऊक नाही."

"आमचाबी दगडच हाय. अन् नाव आमालेबी मालूम नाई." त्यांनी कप बशीत ठेवला. "देवी एकच निघाली, तर आपण भाऊबंद झालो. पोरगा-पोरगी बहीण-भाऊ लागतात. मंग कायचं लग्न? पक्कं कळल्याबिगर हॉलचे पैसे भरू नका."

मुलगी उठून आत गेली.

पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, "आपल्यालेच काहून एवढी सांगायची हौस?" मी हॉलच्या मालकाला फोन केला. त्याने दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतो म्हटलं. त्याच तारखेला दुसरं गिऱ्हाईक तयार होतं.

विचारायला एकच माणूस उरलं होतं. माझ्या वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, अकोल्याला जुन्या शहरात राहणारी. सकाळी मी आणि मुलगी पहिल्या एसटीने निघालो. अकोल्याला ऑटो मोर्णेचा पूल ओलांडत असताना ती म्हणाली, "बाबा, आजीनं नको ते सांगितलं, तर तुम्ही लपवाल का?"

"नाही," मी म्हणालो.

तिने तोंड बाहेर वळवलं.

आत्या खाटेवर लसूण सोलत बसली होती. सगळं ऐकून घेतलं. "देवीचं नाव मले ठाव नाई बापा. माहा आजा बैलं मोजे तं तेलंगीत मोजे. ओकटी, रेंडू, मूडू. तेवढंच आयकलं."

मी वंशावळ पुढे केली.

"ठेव ते तिकडं. मले काय वाचता येते?" मग तिने मुलीकडे पाहिलं. "तुह्या सासरी देवीचा निवद कोण खाते व?"

"माहीत नाही, आजी."

"इचार मंग. आपल्या घरी गुळभाताचा निवद सुनाच खातात. लेकीले नाई भेटत. मी एवढी बुढी झाली, एक शीत नाई चाखलं. ते भाऊबंद असले, तं त्यायचीबी रीत हेच असंन."

मी विहीणबाईंना फोन लावला. घंटा वाजून बंद पडली. पुन्हा लावला. कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर उत्तर सोयीचं आलं असतं. नैवेद्य कोण खातं, एवढंच विचारलं. फोनचा आवाज मोठा केला होता. मुलीने माझी बाही धरली होती.

"मले काय इचारता, मी तं सून," त्या म्हणाल्या. "पहिला घास माह्या नणंदा खातात. लेकीनं खाल्ल्याबिगर आमी सुना हात लावत नाई."

मागून काकांचा आवाज आला, "काय इचारून राहिले?" त्यांनी फोन घेतला. आता मी आमची रीत सांगितली, आणि त्यांची का विचारली तेही.

"लेकीले अजिबात देत नाई?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही. माझी आत्या इथं समोर बसली आहे. तिला विचारा."

"मंग आपलं घर एक नाई," काका म्हणाले. "भरा हॉलचे पैसे."

मुलगी आत्याशेजारी बसली आणि लसूण सोलायला लागली. पाकळ्या हातातून निसटत होत्या. आत्याने तिच्याकडे पाहिलं. "इकडं लेक म्हणून उपाशी, तिकडं सून म्हणून मागून. तुही तं मजाच हाय व पोरी!" मुलगी हसली आणि मग रडली.

ही खात्री किती पक्की, असं मला कोणी विचारलं, तर मी पक्की म्हणणार नाही. देवीच्या नावाची जागा वंशावळीत अजून रिकामी आहे. पण आपलं कूळ एक नाही, हे दोन्ही घरांनी मानलं.

निघताना मी आत्याला पाचशे देऊ केले. तिने माझा हात बाजूला सारला आणि उशीखालून पन्नासची नोट काढून मुलीच्या मुठीत दाबली. "तिकडं तुले लेक झाली, का पहिला घास तिले देजो. हे गुळाले."

एकवीस हजार त्याच संध्याकाळी हॉलच्या मालकाला दिले. आत्याचे पन्नास मुलीकडे.