आत्याच्या नेटबुकातली कोडी

माझी आत्या शब्दकोडी करायची. एका साप्ताहिकात, शेवटून दुसऱ्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, एकोणीस वर्षं. नाव छापत नसत, नुसतं ‘कोडे क्रमांक’ आणि आकडा. नोकरीत ती टेलिफोन ऑपरेटर होती. दिवसभर लोकांची बोलणी जोडून द्यायची आणि मधल्या रिकाम्या मिनिटांत कागदाच्या कपट्यांवर शब्द उलटेपालटे करून बघायची. आतोबा गेल्यावर ती तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहू लागली, आणि मग घरभर कोडीच कोडी.

‘उलटं केलं तरी जुनं होत नाही, तीन अक्षरं,’ असं दार उघडतानाच विचारायची. मी डोकं खाजवत आत जायचो. पाणी देताना म्हणायची, “नवीन. अरे, न-वी-न. एवढं येईना? दवाखान्यात फोटो काढतोस की झोपा?”

मी एक्स-रे काढतो. पण घरात मला सगळे ‘पान्या’ म्हणतात, कारण दिसेल ती वस्तू उघडायची मला खोड. त्यातही माझा जीव जुन्या नेटबुकांवर. दहा इंची पडदा, इवलासा कीबोर्ड, दम लागलेल्या माणसासारखा प्रोसेसर. लोक अडगळीत टाकतात ती मी मागून आणतो, मेमरी वाढवतो, फिरत्या तबकडीची हार्डडिस्क काढून वेगवान एसएसडी बसवतो, हलकी सिस्टिम टाकतो. मेलेलं मशीन पुन्हा चालायला लागलं की मला स्वतःचंच कौतुक वाटतं. बायको म्हणते, “घरातला नळ मात्र तीन महिने गळतोय.”

आत्यालाही असंच एक नेटबुक मीच दिलं होतं. तिची बोटं बारीक, त्यामुळे ते तिच्या हाताला छान बसलं. त्यात मी कोडी आखायचा एक जुना प्रोग्रॅम घालून दिला. अकरा वर्षांत तिने त्यात चार हजारांच्या वर शब्द आणि त्यांच्या खुणा भरल्या, शिवाय पुढच्या दीड वर्षाची तयार कोडी. “आता वह्या कशाला हव्यात?” असं म्हणून तिच्या वह्या रद्दीत घालायला लावल्या त्याही मीच.

नेटबुक सुरू व्हायला सात मिनिटं लागायची. तिची काही तक्रार नव्हती. “तेवढ्यात माझं झाडांना पाणी घालून होतं,” म्हणायची. मलाच ते बघवेना.

“आत्या, एक दिवस दे मला. पळायला लागेल.”

“पळून कुठे जायचंय त्याला?”

“देऊन तर बघ.”

तिने दिलं. पाठीमागचं झाकण उघडून मी एक जीबीच्या जागी दोन जीबी मेमरी लावली, कीबोर्ड उचकटून आतली डिस्क बदलली, सिस्टिम नव्याने टाकली. त्याआधी तिच्या फायली उतरवून घेतल्या: फोटो, पत्रं, डेस्कटॉपवरचं सगळं. तो कोड्यांचा प्रोग्रॅम मात्र आपल्या फायली स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतो, हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. घाईत सुचलं नाही. जुनी डिस्क आठ दिवस तशीच ठेवायची, हा माझाच नियम. पण दुसरं एक नेटबुक डिस्कवाचून अडलं होतं. त्याच संध्याकाळी ती पुसली आणि त्यात बसवून टाकली.

दोन दिवसांनी आत्याचा फोन. “मशीन झकास पळतंय रे. पण कोडी दिसत नाहीत.”

मी गेलो. प्रोग्रॅम उघडला. पांढरी, कोरी चौकट. मिनिटभरात मला सगळं उमगलं. आत्या पाठीशी उभी होती, चष्मा कपाळावर.

आणि मी विचारलं, “आत्या, तू काही डिलीट केलंस का?”

आरोप नव्हे, नुसता प्रश्न. पण उत्तर ठाऊक असताना विचारलेला.

“मी?” तिने चष्मा डोळ्यांवर ओढला. “दाबलं असेल बाई काहीतरी. परवा एक खिडकी आली होती खरी. मी ‘हो’ म्हटलं.”

तिथे मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “असू दे, बघतो काही निघतंय का.”

घरी येऊन ती डिस्क परत काढली. दोन दिवस शोधायचा प्रोग्रॅम चालवला. हाती लागले पाच-सहा तुटके शब्द आणि एक अर्धवट खूण: ‘काटे आहेत, टोचत नाहीत.’ घड्याळ. बाकी सगळ्यावर नवी सिस्टिम बसली होती. “काही निघालं नाही,” असं फोनवर सांगितलं. ते मात्र खरं होतं.

आत्याने दादाला, म्हणजे तिच्या मुलाला, सांगितलं, “माझ्या हातून सगळं पुसलं गेलं, आणि मला आठवतसुद्धा नाही.” ते शेवटचं वाक्य दादाच्या कानात राहिलं. मग दूध उतू गेलं, तेही मोजलं गेलं. किल्ली आत राहून दार लागलं, तेही. ह्या गोष्टी माझ्या घरी आठवड्यातून दोनदा होतात. दादा तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यांनी तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी परत विचारले. आत्या इतकी घाबरली होती की दोनच सांगता आले. जिचं सगळं आयुष्य शब्दांत गेलं, तिला! दादाने घराला कुलूप लावलं आणि तिला आपल्याकडे आठव्या मजल्यावर नेलं. साप्ताहिकवाले जुनीच कोडी पुन्हा छापू लागले.

हे मला सगळं कळत होतं. महिनाभर मी तिकडे फिरकलो नाही. बायकोला सांगितलं, कामाचा रेटा आहे. खाई त्याला खवखवे.

शेवटी गेलो, एका रविवारी सकाळी. आत्या खिडकीशी बसली होती. नेटबुक शेजारी, मिटलेलं, वर टॉवेल. दादा आतल्या खोलीत होता. तिने मला जवळ बोलावलं आणि हळूच एक कागद दाखवला. तारखा लिहिल्या होत्या. सोमवार: बँकेचं पत्र टाइप केलं. मंगळवार: उघडलं नाही. बुधवार: एक खिडकी आली.

“मी ते कधी केलं असेल रे?” ती कुजबुजली. “दिवस तरी आठवायला हवा. रोज बसते, रोज आठवते. त्या खिडकीत काय लिहिलं होतं, तेवढं सांगशील?”

मला पुढे ऐकवेना.

“आत्या, तू काही केलं नाहीस. मी पुसलं. डिस्क बदलताना ती फाईल उतरवायला विसरलो. तू फोन केलास तेव्हा मला कळलं होतं.”

मला वाटलं, ती रडेल. तिने कागदाची नीट घडी घातली.

“कळलं होतं?”

“हो.”

“त्याच दिवशी?”

“हो.”

मग तिने हाक मारली, “अरे, जरा बाहेर ये.” दादा आला. “पान्या, याला सांग. मला सांगितलंस तसंच.”

मी दुसऱ्यांदा सांगितलं, तसंच. दादा आधी माझ्यावर ओरडला, मग आईकडे बघून थांबला. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. आईला इथे आणून बसवलं ते त्यानेच.

“फाईल गेली, ती गेली,” आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता. “चार हजार शब्द काय, परत जमतील. पण मी दोन महिने माझ्याच डोक्याला भ्यायले. स्वयंपाकघरात गेले की गॅस तीनदा बघायचे. ते कुठून भरून देणार आहेस?”

मी नेटबुकावरचा टॉवेल सारखा केला.

“आणि तो तिसरा शब्द ‘पितळ’ होता,” ती दादाला म्हणाली. “जिना उतरताना आठवला. सांगायची लाज वाटली. आण माझ्या घराची किल्ली.”

“आई, निदान डॉक्टरांना एकदा...”

“विचार. माझ्यासमोर विचार. पण किल्ली आधी.”

त्याच आठवड्यात ती आपल्या घरी गेली. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. वयाच्या मानाने ठीक आहे, म्हणाले. तिने कोडी परत सुरू केली, वहीत, शाईने. साप्ताहिकात नवा क्रमांक दिसला तेव्हा मी ते पान घेऊन बराच वेळ बसलो. एकही शब्द भरला नाही.

तिने मला बोलावलं नाही. मी दोनदा गेलो. दार उघडायची, पाणी द्यायची, माझ्या घरच्यांची चौकशी करायची. दारातलं कोडं मात्र बंद झालं. नेटबुकाचा चार्जर ढिला झाला तर ती कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. “वहीतली कोडी मशीनमध्येही भरतेय. ती पेन ड्राइव्हवर उतरवून कशी ठेवायची, ते सांग. येऊ नकोस, फोनवरच सांग. मी लिहून घेते.”

मी एकेक पायरी सांगितली. ती प्रत्येक वाक्य परत म्हणून बघत होती. मध्ये म्हणाली, “थांब, सावकाश. माझं मला करू दे.” वीस मिनिटं लागली. मी कान फोनला लावून तिच्या कळांचा आवाज ऐकत होतो.

“झालं,” ती म्हणाली. “ठेवते.”