फळ्यावर ‘कोरडं’ लिहिणारा

कळंबच्या नाक्यावर आमचा शेजारी दर रविवारी फळ्यावर आठवड्याचं हवामान लिहितो. मान सदा आभाळाकडे. बायकोने त्याचे डोळे लग्नातच काय ते पाहिले असतील. मे महिन्यात त्याने ‘कोरडं’ लिहिलं, तशी सुकी मासळी विकणाऱ्या मावशीने अर्ध्या समुद्राचे बोंबील किनाऱ्यावर टांगले. दुपारी दमट वारा सुटला, तसा हा स्वतःच्या मांडवाची ताडपत्री ओढत धावत आला.

“मेल्या, आज तुझ्या पोरीची हळद ना?”

“बोंबील माझ्या शब्दावर टांगलेस गो मावशी! पानी पडलं तर?”

थेंबही पडला नाही. तरी तो ताडपत्री धरून उभाच. शेवटी पोरगीच हळदीची वाटी घेऊन किनाऱ्यावर आली. आभाळावरची नजर न काढता त्याने गाल पुढे केला.