कामाचा रकाना

टाचणीताईंचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. ओठांत दोन-चार टाचण्या धरून बोलायची सवय, म्हणून टाचणीताई. वय छप्पन्न, लग्न केलं नाही, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला लागून कापायचं मोठं टेबल आणि दारामागे लॉन्ड्रीवाल्याकडून दुरुस्तीला आलेल्या कोटांची रांग. कोटाची बाही आखूड करायची तर टाचणीताईंकडेच जा, असं लोक डोळे मिटून सांगत.

अशी ही बाई एका गोष्टीला मात्र टरकून होती. आयकराचा फॉर्म! तो दरवर्षी त्यांचे दादा भरत. दादा सात वर्षांनी मोठे, कारखान्याच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले, रुमालाची घडीसुद्धा कोपऱ्याला कोपरा लावून घालणारे. ताईंनी कागदांची पिशवी द्यायची, दादांनी ती घरी न्यायची आणि आठवड्याने येऊन म्हणायचं, "सही कर." ताई सही करत. वाचत बसायची गरजच काय, दादा आहे ना!

यंदा दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तीन आठवडे स्क्रीनकडे बघायचं नाही म्हणून बजावलं, आणि फॉर्मची मुदत तर दोन आठवड्यांवर आलेली.

"लेकीला सांगतो, तुझंही करून टाकेल," दादा फोनवर म्हणाले.

"तिच्या मागे कमी का व्याप आहेत? मीच भरते घरी बसून. त्याची सॉफ्टवेअर मिळतात म्हणे."

दादा खो खो हसले. "छोटे, फॉर्म आहे तो. फ्रॉक नव्हे."

टाचणीताईंनी फोन ठेवून दिला. भावाचं हसणं त्यांना फार लागलं. आता हा फॉर्म जमला नाही, तर जन्मभर पिशवी घेऊन दादांपुढे उभं राहावं लागणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

सल्ल्याला त्या खालच्या औषधवाल्याकडे गेल्या. तो आपला फॉर्म आपणच भरायचा. "डझनभर आहेत ताई," तो म्हणाला. "फुकट म्हणतात ते शेवटी पैसे मागतात, आणि पैसे घेतात ते वर डोकं खातात. तुम्ही आपली वापरून बघा." त्याने तीन नावं औषधाच्या पाकिटावर लिहून दिली, एवढीच त्याची मदत.

वापरून बघणं ही ताईंची रोजचीच गोष्ट. महागाच्या कापडाला कात्री लावण्याआधी त्या जुन्या चादरीवर कापून बघत. इथे जुनी चादर म्हणजे गेल्या वर्षीचा फॉर्म. त्याचं उत्तर ठरलेलं होतं, दादांनी काढलेलं. तेच आकडे तिन्ही सॉफ्टवेअरना घालायचे; ज्याचं उत्तर जुळेल ते आपलं. भाचीने दिलेला जुना लॅपटॉप त्यांनी कापायच्या टेबलावर मांडला आणि दुपारी कामाला बसल्या.

पहिलं सॉफ्टवेअर भलतंच लाघवी. नाव लिहिलं तरी अभिनंदन, पत्ता लिहिला तरी अभिनंदन. शेवटच्या पानावर पैसे मागितले. दुसऱ्याने ओळख ना पाळख, आल्या आल्या बँकेचा पासवर्ड विचारला. "वा रे वा," म्हणून ताईंनी त्याला बाहेरची वाट दाखवली. तिसरं करड्या रंगाचं, रुक्ष. गोड बोलणं नाही की चित्रं नाहीत. त्याची किंमत पहिल्याच पानावर लिहिली होती आणि ती दोन कोटांच्या बाह्यांइतकी होती.

तेही पहिल्या झटक्यात बिनसलं. लॉन्ड्रीवाल्याने दिलेल्या वर्षभराच्या पैशांच्या दाखल्याशी आकडा जुळत नाही म्हणून त्याने लाल रेघ ओढली. ताईंनी पुन्हा भरला, पुन्हा रेघ. "आंधळं आहे मेलं," म्हणून त्या ते बंदच करणार होत्या. मग चष्मा पुसून बघितलं तर काय, प्रत्येक आकडा त्यांनी स्वतःच थोडा वाढवून लिहिलेला! शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडायचं, अंग भरलं तर उसवून वाढवता येतं. तीस वर्षांची हाताची सवय, ती आकड्यांनाही लागली. ताई एकट्याच मोठ्यांदा हसल्या. आपली चूक धरतं ते चांगलं, असं म्हणून त्यांनी तेच सॉफ्टवेअर पसंत केलं.

आकडे जुळले, तरी एक लाल रेघ राहिलीच. 'काय काम करता?' हा रकाना रिकामा होता. दादांच्या जुन्या फॉर्मवर तिथे नुसता नव्वद आकडा होता. त्याचा अर्थ कुठल्या यादीत सापडतो ते ताईंनी शोधलं. नव्वद म्हणजे: काम करत नाही, कुटुंबातील व्यक्तीवर अवलंबून.

त्यांनी कपाटातून जुने फॉर्म काढले. एकोणीस फॉर्म, एकोणीस वेळा नव्वद. शिलाईची मिळकत 'इतर किरकोळ'मध्ये. आणि खाली प्रत्येकावर त्यांची स्वतःची सही.

त्या दिवशी मशीन चाललं नाही. ताईंना इतका राग आला होता की सुईत दोरा ओवता येईना.

तीन दिवसांनी काळा चष्मा लावलेल्या दादांना भाचीने दारात सोडलं आणि ती कामाला गेली. छोटीचं कुठवर आलं ते बघायला आले होते. अर्थात बघता येत नव्हतं ते सोडा. ताईंनी त्यांना खुर्ची दिली आणि सरळ विचारलं, "दादा, मी काम करत नाही?"

दादांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा म्हणाले, "अगं, पहिल्या वर्षी तसं लिहिलं, पुढे तेच चालू राहिलं. कर तर पै न् पै भरला ना?"

"जास्तच भरला. दोरा, सुया, मशीनची दुरुस्ती, काहीच वजा नाही. पण कराचं राहू दे. मी काम करत नाही?"

ताईंनी लॅपटॉप पुढे ओढला आणि यंदाच्या फॉर्मचा तो रकाना बोलत बोलत भरला. "शिवणकाम. स्वतःचा व्यवसाय. कधीपासून, विचारतंय." त्यांनी साल सांगितलं.

दादांनी मान वर केली. "त्या साली तर बाबा होते."

"होते की. तू पाठवायचास त्यात भाडं भागायचं. बाबांची औषधं माझ्या शिलाईवर निघायची."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू विचारलंस कधी?"

दादांनी खिशातून रुमाल काढून त्याची घडी पुन्हा नीट केली. मग म्हणाले, "पाठव तुझा फॉर्म. आणि... माझाही राहिलाय. लेकीला सवड नाही. जमेल तुला?"

ताईंचा फॉर्म गेला. मग त्यांनी दादांचा उघडला; गेल्या वर्षीची माहिती त्यात आपोआप आली. दादांचे आकडे दादांसारखेच नीटनेटके होते. एका पानावर यादी होती, 'आपल्यावर अवलंबून असलेल्या व्यक्ती'. पहिलं नाव वहिनींचं. दुसरं ताईंचं. पुढे लिहिलं होतं, सवलत शून्य.

"दादा, यातून तुला काही मिळत नव्हतं. मग माझं नाव कशाला?"

"बाबांना शब्द दिला होता, छोटीला सांभाळीन." चष्म्याखालून पाणी आलं ते त्यांनी रुमालाने टिपलं. ते काही औषधाचं पाणी नव्हतं. "दरवर्षी नाव लिहिलं की वाटायचं, सांभाळतोय."

ताईंना रडू आलं आणि त्या रडल्या. राग होता, तो होताच; पण एकोणीस वर्षं एका माणसाने फुकटात आपलं नाव जपलं, हेही खरं होतं.

"काढ ते," दादा म्हणाले. "खरं काय ते राहू दे."

स्क्रीनवर प्रश्न आला, ही व्यक्ती यादीतून काढायची का. ताईंचा हात काही पुढे होईना.

"माझ्याच्याने नाही होत, दादा."

"कुठंय बटण?"

ताईंनी त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. दादांनी ते दाबलं.