शनीची गाडी, फलाट क्रमांक तीन

डोळे मिटलेले आहेत, पण मी झोपलेली नाही, हे आधीच सांगते. भर दुपार आहे, पडदे ओढलेले आहेत, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही अशी तंबी देऊन आईने मला आडवं केलं आहे. चार वाजता तारांगणात माझी दुसरी मुलाखत आहे. पहिलीत नुसती माहिती विचारली, ती मला पाठच होती. आज घुमटाखाली, अंधारात, खऱ्याखुऱ्या शाळकरी मुलांना आकाश दाखवायचं आहे. हॉलमधून गॅलरीपर्यंत आवाज पोचवत आठवडाभर मी इतकी तालीम केली की आज सकाळी घसा साफ बसला. तरी आतून नुसत्या उकळ्या फुटताहेत. इतकी हवीशी वाटलेली नोकरी आजवर माझ्या एवढ्या जवळ आलेली नाही.

पंखा घरघरतो आहे. ती घरघर भोंग्याची होते, आणि मी कराडच्या एसटी स्टँडवरच्या काचेच्या खोलीत स्टुलावर बसलेली आहे.

समोर मनोहरमामा. आईचा थोरला भाऊ. सगळी नोकरी त्याने या खोलीतून गाड्या पुकारण्यात घालवली. त्याला जाऊन दोन वर्षं झाली हे मला ठाऊक आहे, त्यालाही असावं. तो विषय आम्ही काढत नाही. गालात नेहमीची ज्येष्ठमधाची काडी आहे.

"काय गं नूतन, आवाज कुठं ठिवलास?"

मी घशाकडे बोट दाखवते.

"घालवलास म्हण की. मुलाखतीच्या आधीच मुलाखत दिलीस व्हय?"

मला हसू येतं, तेही बिनआवाजी. काचेबाहेर बघते तर स्टँडला छतच नाही. वर चांदण्या आहेत आणि खाली फलाटांवर लाल गाड्या लागल्या आहेत. पाट्या वाचून मी स्टुलावरून उठतेच. चंद्र, विनाथांबा. गुरू, मार्गे मंगळ. तीन नंबरला शनी, आणि ती तर सुटायच्या बेतात आहे.

बाकावर पहिल्या मुलाखतीतल्या चष्मेवाल्या बाई पिशवी घेऊन बसल्या आहेत. "अंधार झाला की मुलं घाबरतात, त्यांना धरून ठेवता येईल?" असं त्यांनीच मला विचारलं होतं.

"त्यास्नी शनीला जायचंय," मामा म्हणतो. "पुकार."

मी जीव खाऊन ओरडते. घशातून नुसती हवा निघते. बाई उठून भलत्याच गाडीकडे, चंद्राकडे निघतात. मला दरदरून घाम फुटतो, आणि खरं सांगायचं तर मजाही येते आहे.

"थांब, थांब." मामा माईक माझ्या ओठांजवळ सरकवतो. "हे कशाला बसवलंय? वरडायचं काम त्याचं. तू नुसतं सांगायचं."

"सगळ्या स्टँडला?" मी कुजबुजते.

"छ्या. स्टँडला कोण सांगतंय? जिची गाडी चुकणार तिला सांग, बाकीचे आपोआप ऐकत्यात. आन आधी बटण दाबून थोडी खरखर हू दे. माना वर झाल्या की बोल."

मी बटण दाबते. खरखर होते. माना वर होतात, बाईंचीही.

"शनीकडे जाणारी गाडी," शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तसं मी सांगते, "फलाट क्रमांक तीनवर उभी आहे. सावकाश या. तुम्हाला घेतल्याशिवाय ती सुटणार नाही."

माझा घोगरा आवाज घुमटभर पसरतो. घुमट कधी आला कळलं नाही, काचेची खोली आता त्याच्या मधोमध आहे. बाई वळतात, पिशवी सावरतात आणि तीन नंबरकडे चालू लागतात. मला नाचावंसं वाटतं.

"मामा, चार वाजता येशील?"

"ड्यूटी हाय माझी." तो गालातली काडी काढून माझ्यापुढे धरतो. "ही ने. उष्टी हाय, चालंल?"

"चालेल."

"दुसऱ्या टोकानं चघळ मग."

तुझी फार आठवण येते, हे मला त्याला सांगायचं आहे. माझा हात बटणाकडे जातो.

"त्याला माईक नगं," मामा म्हणतो.

मी तशीच सांगते. तो ऐकून घेतो आणि पुढच्या गाडीची पाटी बघायला लागतो.

"नूतन, तीन वाजले." आई दारातून हाक मारते.

"उठले, आई. निळी साडी काढून ठेव."

आवाज घोगराच आहे, पण त्याला घाई नाही, आणि तो दारापर्यंत नीट पोचतो. आई चहाचा कप घेऊन तिथेच थांबते.

"दादाच बोलला असं वाटलं," ती म्हणते.

मी मूठ उघडते. ज्येष्ठमधाची काडी. मामा गेल्यापासून आमच्या घरात ती कुणी आणलेली नाही. एक टोक चावून चावून कुंचल्यासारखं झालेलं, दुसरं कोरं. आई माझ्या हाताकडे बघत राहते. मी कोरं टोक दातांत धरते आणि साडी नेसायला उठते.