लेसरच्या खोलीत आलेला फोन

जर्मनीचं विमान धरायला हैदराबादच्या बसमध्ये चढले तेव्हा माझा डावा हात प्लास्टरमध्ये होता. नवऱ्यानं तो चौकटीत धरून दार आपटलं होतं. लातूरच्या एका क्लासमध्ये आम्ही दोघंही फिजिक्स शिकवायचो आणि जर्मनीतल्या प्रयोगशाळेत संशोधनासाठी निवड माझी झाली, एवढंच कारण. आई माहेराहून, चाकूरहून आली, माझी बॅग तिनंच वर चढवली. म्हणाली, "मागं बघू नको. तो आला तर मी हाय."

गावी राहिलेले तुम्ही लोक फोनवर विचारता, तिथं नेमकं काय करायलीस? मी चिप थंड करते. कम्प्युटरची चिप काम करताना तापते, पण सगळीकडं सारखी नाही; एखाद्या ठिपक्यावर नुसती आग होते. पंखा किंवा पाणी नेमकं त्या ठिपक्याला गाठू शकत नाही. आम्ही तिथं खास स्फटिकाचा पातळ तुकडा बसवून त्यावर लेसर सोडतो. स्फटिक तो उजेड परत फेकतो आणि फेकताना आतली उष्णताही बाहेर काढतो. आईला सांगितलं तर म्हणाली, "लेसरनं तर जळतंय की! थंड कसं होईल?"

पहिलं वर्ष चिपा जळण्यातच गेलं. एकदा दार आपटल्यासारखी ताडकन चिप तडकली आणि मी टेबलाखाली जाऊन बसले, डावं मनगट छातीशी धरून. सोबतची जर्मन मुलगीही टेबलाखाली येऊन शेजारी बसली.

ज्या दुपारी ठिपक्याचं तापमान पहिल्यांदा उतरू लागलं, त्याच दुपारी आईच्या शेजारच्या शांताकाकूंचा फोन आला. माझ्या नवऱ्यानं आईच्या घराचं दार कुऱ्हाडीनं फोडलं होतं. "तिला बोलाव, न्हाईतर तुलाच तोडतो," म्हणत त्यानं आईच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला. रक्त डोळ्यांत उतरलं तरी आईनं मुसळ उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर हाणलं. तो पडला, तिनं पुन्हा हाणलं. "लोकांनी धरली म्हणून, न्हाईतर मारूनच टाकला असता गं," काकू रडत होत्या. पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं.

मी तिकीट शोधू लागले. तेवढ्यात दवाखान्यातून आईचाच फोन आला, "टाके पडलेत, मेले न्हाई. काम सोडून आलीस तर त्याचंच खरं झालं." मी लेसरपासून डोळे वाचवणारा चष्मा चढवून पुन्हा लेसरच्या खोलीत गेले. चष्म्याच्या आत डोळे भरत होते, पुसता येत नव्हते.

यंदा माझ्या हाताच्या आणि आईवरच्या हल्ल्याच्या खटल्यात साक्ष द्यायला लातूरच्या कोर्टात आले. तो समोर उभा होता, लंगडा. त्याच्या वकिलानं विचारलं, "बाई, तुमचा हात पडून मोडला ना?"

"यानं मोडला. दार आपटून."

बाकीचंही सगळं सांगितलं. हलकं वाटेल असं वाटलं होतं. अंगात नुसता संताप भडकला. त्याला शिक्षा पुढं झाली.

त्या दिवशी कोर्टाबाहेर आल्यावर आईनं विचारलं, "आता कुठं जायचं?"

"घरी."

"कोनच्या?" तिनं खरंच विचारलं.

"आधी चाकूरला. मंग तिकडच्या."

निघाले होते तेव्हा आईच्या घरीही तो गाठील ही धास्ती होती, मला एकही घर नव्हतं. आता दोन आहेत. जिथून निघताना कुणाच्या तावडीतून सुटावं लागत नाही, ते घर.