उपरण्याखालचा महाराष्ट्र

महाराष्ट्र राज्य मुंबईत स्थापन झालं असं पुस्तकात लिहिलंय, ते लिहू द्या. ते चालायला लागलं अमडापूरच्या मोटारस्टँडवर, माझ्या मामेसासऱ्यांच्या उपरण्याखाली. मी तेव्हा बुलढाण्याच्या कोर्टात कारकून होतो आणि हे विधान शपथेवर करायला तयार होतो, पण कोणी विचारलंच नाही.

मामाजी धंद्यानं अडते. आवाज असा, की अमडापुरात ते नुसते खाकरले तर हिवरा आश्रमाच्या वाटेवरचे बैल उधळायचे. पण एवढ्या आवाजाच्या माणसानं जन्मात कधी आकडा तोंडानं उच्चारला नाही. जुन्या बाजाराची रीत त्यांच्या हाडात भिनलेली. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून सौदा करायचा. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. बघणाऱ्याला नुसतं कापड हलताना दिसणार. आणि शेवटी हात घट्ट दाबला गेला, की तो सौदा ब्रह्मदेवालाही मोडता येत नाही. मामाजींनी ही रीत बाजारातून थेट घरी आणली. मामीजींनी ‘किती भाकरी वाढू?’ म्हटलं की उपरणं पुढे. शिरगणतीच्या मास्तरांनी घरात माणसं किती विचारलं, तर त्या बिचाऱ्यांनाही हात आत घालावा लागला. चिखलीच्या डॉक्टरांनी एकदा सहा इंजेक्शनं सांगितली. मामाजींनी नाडी बघायला दिलेल्या हातावरच उपरणं टाकलं आणि चारावर सौदा पक्का केला. बाहेर आल्यावर माझ्यापुढे तीन बोटं नाचवत म्हणाले, “जावाईबापू, एवढ्यातही जमत होतं. पन डॉक्टर नवा हाये, म्हटलं त्याले नाराज काऊन करा?”

नवं राज्य झालं त्या सुमारास त्यांच्या हाती पेपर पडला. मुंबईचे बडे कारखानदार आपसातली भांडणं विसरून एका टेबलाशी बसले आहेत आणि राज्याचा धंदा-व्यापार पुन्हा उभा करणार आहेत, अशी बातमी. मामाजींनी ती मोठ्यानं वाचली, म्हणजे साऱ्या तालुक्यानं ऐकली.

“मुंबईवाले बसून राह्यले, मंग आपन काऊन नाही?”

“मामाजी, आपल्याकडे कारखाने आहेत कुठे?”

“हाये ना बापा! बंद हाये म्हनून काय झालं?”

तो कारखाना म्हणजे गावाबाहेरची जिनिंग. मालक किल्ली मामाजींकडे टाकून इंदूरला निघून गेलेला, आणि दोन हंगाम झाले, कापसातली सरकी काढायच्या रेच्यांवर चिमण्या नांदत होत्या. गावात बडे आसामी दोनच, एक कापसाचे शेठ आणि दुसरे तेलगिरणीवाले पाटील. शेठ आमच्या शिवारातला कापूस गाड्या भरून खामगावला धाडायचे. त्याच कापसाची सरकी पाटील खामगावहून गाड्या भरून परत आणायचे. दोघांच्या गाड्या एकाच वळणावर एकमेकींना घासून जायच्या, पण गाडीवानांनाही रामराम घालायची बंदी! कारण एका पोळ्याला कोणाची बैलजोडी तोरणाखालून आधी जाणार यावरून दोघांचं बोलणं तुटलं, ते तुटलंच. शेठकडे कापूस, पाटलांकडे जास्तीचं इंजिन. दोघे एक झाले तर जिनिंग उद्या सुरू. पण आधी तोंड उघडणार कोण?

आणि उद्यापर्यंतही सवड उरली नव्हती. त्या मशीनची नाडी जाणणारा पंचक्रोशीत एकच मिस्त्री. वाट पाहून पाहून त्यानं खामगावला काम धरलं, आणि ऐन बाजाराच्या दिवशी बायको, ट्रंक आणि पाने-हातोडे घेऊन मोटारस्टँडवर हजर झाला.

“जयभीम मामाजी. जातो आता,” तो म्हणाला. “पोटाले गाव नसते.”

मिस्त्री गेला की जिनिंग भंगारात जाणार, आणि तिच्यावर जगणारी आळीच्या आळी त्याच्या मागोमाग गाव सोडणार, हे स्टँडवरच्या शेळ्यांनाही कळत होतं. ट्रंक टपावर चढली. मामाजींनी ड्रायव्हरच्या हातावर उपरणं टाकून किती मिनिटं मागितली ते त्या दोघांनाच ठाऊक, पण मोटार पुढे पाऊण तास हलली नाही. तेवढ्यात मामाजी बाजाराच्या एका टोकाहून शेठना आणि दुसऱ्या टोकाहून पाटलांना ओढून घेऊन आले. हॉटेलच्या बाकावर एक या तोंडाला, एक त्या तोंडाला, मधे स्वतः.

“मी त्याच्याशी बोलनार नाही,” शेठ म्हणाले.

“बोला म्हनते कोन? हात द्या. रोज किती गाड्या कापूस देता ते मले सांगा. तिकडचं मी पाह्यतो.”

पाटलांनाही हेच. “इंजिन देतो, पन गाड्या भरपूर पाह्यजे,” म्हणत पाटलांनी तोंड फिरवूनच हात दिला. मामाजींनी उपरणं पसरलं. कापड उसळायला लागलं.

“मामाजी, आज हात तेलकट काऊन लागून राह्यला?” शेठ.

“सकायी डोक्याले तेल लावलं.”

“अन् इतका नरम?” पाटील.

“वय झालं बापा.”

मामाजींच्या डोक्यावर तेल लावण्याजोगं काही उरलेलं नव्हतं, पण सौद्याच्या भरात हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. आणि तेवढ्यात मी पाहिलं, मोटारीतल्या सगळ्या उतारूंनी पाहिलं, की मामाजी दोन्ही हातांनी बशी धरून फुर्र फुर्र चहा पिऊन राहिले आहेत आणि उपरणं तिकडे आपलं आपण उसळतंय! टपावरची कोंबडीसुद्धा गप्प झाली. कापडाखाली एक शेवटचा हिसका बसला, मग घट्ट दाब.

“जमलं!” दोघे एकदम म्हणाले. मामाजींनी उपरणं ओढलं.

शेठचा हात पाटलांच्या हातात. दोघांनी हातांकडे पाहिलं, मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमेकांच्या तोंडाकडे.

“हा हात तुमचा होता?”

“मंग कोनाचा असन बे?”

दबलेला हात फिरवायचा म्हणजे बाजारात तोंड दाखवायची सोय नाही. दोघांनाही हात सोडवत नव्हता आणि धरवतही नव्हता. मोटारीच्या टपावरून मिस्त्रीनं हळूच विचारलं, “मामाजी, ट्रंक उतरवू काय?”

मामाजींनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि बाकावरच्या दोघांकडे बोट केलं. पाटलांनी शेठकडे पाहिलं. शेठ खेकसले, “उतरव ना! आता काय मुहूर्त पाह्यतं?”

जिनिंग सुरू झाली त्या दिवशी नारळ कोणी फोडायचा यावरून दोघे पुन्हा भांडले, पण बोलून भांडले. मामाजी तिकडे फिरकलेच नाहीत. मिस्त्रीच्या दारात बाजेवर बसून राहिले. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, “मले इथून आयकू येते, जावाईबापू. बस तूही.” आणि त्या गडगडत्या माणसाचा आवाज एवढा खाली आलेला, की मशीनच्या घरघरीत तो मला जेमतेम ऐकू आला.

त्या साली राज्याची स्थिती सुधारल्याचं पेपरात आलं. श्रेय अर्थातच मुंबईला गेलं.

मामाजी आता नाहीत. मधे अमडापूरला उतरलो, तर शेठ आणि पाटील जिनिंगच्या ओट्यावर बसून यंदाच्या कापसावरून कडाकडा भांडत होते; मागे रेचे चालू, दोघांच्याही मिशांवर कापसाचा भुगा. मला पाहून दोघे म्हणाले, “या, बसा.” पण जागा दाखवली ती मात्र बाहेरच्या अंगाला. दोघांच्या मधे एका माणसाची जागा होती, ती तशीच राहिली.