पैलवानांच्या फोटोखालच्या ओळी

माझ्याकडे परदेशी कुस्तीची एकोणीस जुनी मासिकं आहेत. करंजाड्याच्या या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा सामान लावताना भाचा म्हणाला, "मामा, ही रद्दीत टाकू?" मी त्याच्यावर असा खेकसलो की बिचारा चहा न घेताच निघून गेला. दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली, पण कारण सांगितलं नाही. साठीला टेकलेल्या मामाने भाच्याला काय सांगायचं? ती मासिकं मला एका माणसाने आणून दिली होती आणि तो माणूस मला हवा होता.

तो पळस्पे फाट्याजवळच्या गावातला, आगरी. जमिनीच्या कागदांसाठी आमच्या पनवेलच्या कचेरीत खेपा घालायचा. मी तिथे कारकून होतो, सव्वीस वर्षांचा. तो चोवीसचा असेल. एकदा माझ्या टेबलावर इंग्रजी पेपर बघून म्हणाला, "तुमी इंग्रजी वाचता? मंग मना एक वाचून दाखवाल?" आणि पिशवीतून त्याने कुस्तीचं मासिक काढलं.

त्याच्या भावाचं फाट्यावर पंक्चरचं दुकान होतं. बंदरात उतरलेल्या परदेशी रद्दीच्या गाठी घेऊन ट्रक कागद कारखान्यांकडे जात. वाटेत टायर बसला की काम होईपर्यंत ड्रायव्हर गाठीतून चार मासिकं उपसून दुकानात टाकत. भाऊ त्यात बायकांचे फोटो शोधायचा, हा पैलवानांचे. तो स्वतः जत्रांच्या फडात कुस्ती खेळायचा, त्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. इंग्रजीचा मात्र आनंदच होता.

मग दर रविवारी दुपारी तो बाजारामागच्या माझ्या खोलीवर येऊ लागला. गादीवर आम्ही शेजारी शेजारी बसायचो, मासिक दोघांच्या मांड्यांवर अर्धं अर्धं. तो मला 'मास्तर' म्हणायला लागला, आणि 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही.

ती मासिकं माझ्या जन्माच्या आसपासची. काळेपांढरे फोटो, तेल लावलेली अंगं, तोकड्या चड्ड्या, गुडघ्यापर्यंत बूट. एकाचं तोंड दुसऱ्याच्या मानेत खुपसलेलं, एकाने दुसऱ्याला मागून असं कवळलेलं की कोणाचा हात कुठला ते शोधावं लागे. आणि खाली छापलेलं काय, तर सूड, रक्त, हाडवैर. फोटो एक सांगायचा आणि ओळ दुसरंच. मला फोटोचं पटायचं. शेजारी त्याचा दंड माझ्या दंडाला लागलेला असायचा आणि मी पान उलटायचं विसरायचो.

त्याची नजर पैलवानाची. एकदा एका फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "यो पाडत नाय, धरतंय."

"म्हणजे?"

"त्याचा खालचा हात बघ. डोका आपटू नये म्हणून मानेखाली दिलाय. मारतंय असा दाखवतंय आन सांभालतंय."

मी तो हात बघत राहिलो. हजारो लोक ओरडत असताना, चेहऱ्यावर खुन्नस ठेवून, खालून कोणाची तरी मान सांभाळणारा हात. मला रडूच यायला लागलं. सर्दी झालीय म्हणून मी उठलो आणि पाणी पिऊन आलो.

त्याच रविवारी मी पहिल्यांदा खोटं वाचलं. फोटोखाली दीड ओळ होती, पुढच्या सामन्याची जाहिरात. मी वाचलं, "हे दोघं बारा वर्षं एकमेकांशीच लढतायत. एक आला नाही, तर दुसरा रिंगणात उतरत नाही."

"मंग?"

पुढच्या रविवारी मी पुढचं वाचलं. दोघं एकाच गाडीतून गावोगाव फिरतात. गाव जवळ आलं की एकजण खाली उतरतो आणि चालत येतो, कारण वैऱ्यांना एकत्र बघितलं तर तिकिटं खपायची नाहीत. रात्री लॉजवर एक दुसऱ्याच्या खांद्याला बाम चोळतो. तो डोळे मिटून ऐकायचा. कधी कधी विचारायचा, "त्याला दुखला का?" मी म्हणायचो, "दुखलं, पण बोलला नाही." असे आठ-नऊ महिने चालले. मला जे जे त्याला सांगायचं होतं ते मी परदेशातल्या दोन मेलेल्या पैलवानांच्या तोंडी घातलं. कितीतरी वर्षांनी कळलं की तिकडे रिंगणात वैरी म्हणून लढणाऱ्यांना बाहेर एकत्र दिसायची खरोखरच बंदी असे. मी थापा मारत होतो आणि त्या खऱ्या निघाल्या, याचा मला आजही राग येतो.

आता तो मोठा माणूस आहे. जमीन गेली, पैसा आला, दोन इमारती उभ्या राहिल्या, नातवंडं आहेत. बाजारात दिसला की गाडीची काच खाली करून विचारतो, "काय मास्तर, बरा हाय ना?" मी म्हणतो, बरा आहे. तेवढ्या एका वाक्यावर माझे दोन-तीन दिवस जातात. मोबाईल धरला की हल्ली कोणतीही छापील ओळ मराठीत होते. त्याला कोणी वाचून दाखवायची गरज उरलेली नाही.

त्या रविवारांच्या अखेरीस त्याचं लग्न ठरलं, ती मुलगी कॉलेजात इंग्रजी शिकत होती. साखरपुड्यानंतर हा शहाणा एक मासिक घेऊन तिच्या घरी गेला. त्या दोघा पैलवानांची गोष्ट तिलाही सांगावी, इतकी त्याला ती आवडली होती. तिने फोटोखालची ओळ वाचली आणि हसली.

पुढच्या रविवारी तो पत्रिका घेऊन माझ्याकडे आला. नेहमीच्या जागी बसला. माझ्या मांडीवर तेच मासिक ठेवून त्याने मानेखालच्या हाताचं पान उघडलं.

"तिनं वाचून दाखवला. यात असला कायच नाय लिवलेला."

माझे कान तापले. आता हा हसेल, गावभर करेल, किंवा एक ठेवून देईल, असं काहीबाही मनात आलं. तो मात्र पानाकडेच बघत होता.

"मना आधीच म्हाईत होता," तो म्हणाला. "दीड ओलीचा तू अर्धा अर्धा तास वाचायचास. मी काय येडा हाय?"

त्याने फोटोवर बोट टेकवलं.

"त्या दोघांचा शेवट काय झाला ता सांग. तुझा वाच. तिच्यासारखा नको."

दार आतून लावलेलं होतं. त्याचा दंड नेहमीसारखा माझ्या दंडाला लागला होता आणि तो बाजूला सरकला नव्हता. शेवट मला पाठ होता. कित्येक रविवार मी तो मनात म्हणून बघितला होता. एक जण गाव जवळ आलं तरी गाडीतून खाली उतरत नाही, एवढाच होता. पण पत्रिका शेजारी पडली होती, तिच्यावर त्याचं आणि तिचं नाव होतं. मी घाबरलो. सरळ सांगतो, मी घाबरलो.

मी ओळीखाली बोट धरलं आणि छापलेलं होतं तेच, शब्दाला शब्द लावून वाचलं. येत्या शनिवारी रात्री आठ वाजता पुन्हा सामना. तिकिटं खिडकीवर मिळतील.



"एवढाच?"

"एवढंच लिहिलंय," मी म्हणालो.